पंखा फिरतोय, मग संगणक का अडून बसलाय?

सावंगी (मेघे) हे वर्धा शहराला लागून असलेलं गाव. १९९० साली इथे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयही इथलंच. त्यामुळे गावात भाड्याच्या खोल्यांना तोटा नाही, आणि त्या खोल्यांतल्या काही पोरांना आपला संगणक आपल्याच हाताने जोडायची हौस असते. सुटे भाग नागपूरला जाऊन सीताबर्डीवरून आणायचे, नाहीतर कुरिअरने मागवायचे आणि सुटीच्या दिवशी पलंगावर पसारा मांडून बसायचं.

सगळं जुळून येतं. बटण दाबलं की दिवे लागतात, सीपीयूवरचा पंखा गरगर फिरायला लागतो. आणि पडद्यावर मजकूर उमटतो: सीपीयू फॅन एरर, पुढे जायचं तर एफ-१ दाबा.

‘अरे, पंखा तं फिरून राह्यला नं! मग कायचा एरर?’

डोळ्यांसमोर पंखा फिरतोय आणि यंत्र म्हणतंय की पंख्यात गडबड आहे. गंमत अशी की दोघंही बरोबर असतात. पंखा फिरणं ही एक गोष्ट आणि तो फिरतोय हे मदरबोर्डला कळणं ही दुसरी. त्यासाठीच्या तारा वेगळ्या आहेत.

चार तारा कशाला?

घरातल्या छताच्या पंख्याला दोन तारा पुरतात. सीपीयूच्या पंख्याला बहुधा चार असतात. त्या एका छोट्या प्लॅस्टिकच्या कनेक्टरमध्ये जातात आणि तो कनेक्टर मदरबोर्डवरच्या चार उभ्या पिनांवर बसतो. पिनांच्या या संचाला हेडर म्हणतात. हेडरशेजारी बोर्डावर बारीक अक्षरांत त्याचं नाव छापलेलं असतं: सीपीयू फॅन, सिस्टिम फॅन, पंप वगैरे. चष्म्याचा नंबर असेल तर मोबाइलचा टॉर्च लावून वाचा, अंदाजाने जोडू नका. गाडी इथेच घसरते.

पहिल्या दोन तारा वीज पुरवतात. तिसरी तार पंख्याकडून बोर्डाकडे बातमी नेते. चौथी बोर्डाकडून पंख्याकडे हुकूम आणते. बोर्डावरच्या जवळजवळ सगळ्याच फॅन हेडरांवर १२ व्होल्ट असतात, म्हणून पंखा कुठेही लावला तरी फिरतो. सुरू होताना मात्र बोर्ड एकाच हेडरची तिसरी पिन तपासतो, सीपीयू फॅनची. तिथून बातमी आली नाही की तो समजतो, चिपवर वारा नाही. पंखा सिस्टिम फॅनच्या हेडरवर फिरत असला तरी त्याच्या लेखी सीपीयूचा पंखा गैरहजर. संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, म्हणजे एसएमपीएसच्या, वायरवर अडॅप्टर लावून थेट वीज दिली तर तेच होतं, कारण त्या अडॅप्टरमधून तिसरी तार बोर्डापर्यंत बहुधा येतच नाही.

कनेक्टर उलटा बसेल याची धास्ती नको. हेडरच्या एका बाजूला प्लॅस्टिकची पट्टी उभी असते आणि कनेक्टरवरचे दोन उंचवटे तिला कवेत घेतात. दिशा चुकली तर तो खाली जात नाही. जोर लावावा लागत असेल तर थांबा आणि पट्टी कुठल्या बाजूला आहे ते बघा.

चौकट: कुठली पिन काय करते

पिन १: ग्राउंड, म्हणजे वीज परत जायची वाट. तार बहुधा काळी.
पिन २: १२ व्होल्टचा पुरवठा. चार तारांच्या पंख्यात बहुधा पिवळी, तीन तारांच्या पंख्यात बहुधा लाल.
पिन ३: वेगाची बातमी. चार तारांत हिरवी, तीन तारांत पिवळी.
पिन ४: वेगाचा हुकूम. निळी. तीन तारांच्या पंख्यात ही नसते.

पिवळ्या रंगाकडे लक्ष द्या. एका पंख्यात ती १२ व्होल्टची तार आहे, दुसऱ्यात बातमीची. जुन्या पंख्याचा कनेक्टर कापून नव्याला जोडताना ‘पिवळ्याला पिवळी’ असा हिशेब करणं म्हणूनच धोक्याचं. बऱ्याच महागड्या पंख्यांच्या तर चारही तारा काळ्या असतात, तिथे रंगाचा उपयोगच नाही, पिनेची जागा बघावी लागते.

तिसरी तार काय सांगते

या पंख्याची मोटर ब्रशविना चालते. चुंबकाचं कडं पात्यांच्या मधल्या बोंडाच्या आत बसवलेलं असतं आणि पात्यांबरोबर फिरतं. तांब्याच्या तारेची वेटोळी चौकटीला घट्ट बसवलेली असतात, ती फिरत नाहीत. फिरतं चुंबक या क्षणी कुठे आहे हे कळल्याशिवाय कुठल्या वेटोळ्यात वीज सोडायची ते ठरत नाही. ते काम चुंबकत्व ओळखणारा एक चिमुकला भाग करतो, त्याला हॉल सेन्सर म्हणतात. चुंबकाचा उत्तर ध्रुव समोर आला की त्याचा इशारा एका बाजूला, दक्षिण ध्रुव आला की दुसऱ्या बाजूला.

मोटर चालवायला हा इशारा लागतोच, तोच तिसऱ्या तारेवरून बाहेर काढला की फुकटात वेगमापक मिळतो. संगणकाच्या पंख्यांत एका फेरीला दोन ठोके, असा संकेत आहे. सेकंदाला ५० ठोके आले तर २५ फेऱ्या झाल्या, म्हणजे मिनिटाला १५००. बायोसच्या, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगच्या, पानावर ‘१५०० आरपीएम’ असं दिसतं तो आकडा असा मोजलेला असतो.

एका हेडरवर दोन पंखे लावायची ‘वाय’ आकाराची केबल मिळते. तिच्या एका टोकाला तिसरी पिन मुद्दामच नसते. दोन पंख्यांचे ठोके एका तारेवर मिसळले तर मोजणी बिघडेल, म्हणून बातमी एकाचीच पाठवायची. दुसरा पंखा बंद पडला तरी बोर्डाला पत्ता लागणार नाही, हे मात्र अशी केबल वापरताना लक्षात असू द्या. हेडरची ताकदही मर्यादित असते, बहुतेक ठिकाणी एक अँपिअर. पंख्याच्या चिकटपट्टीवर ०.२ किंवा ०.३ अँपिअर असं काहीतरी छापलेलं असतं. त्याची बेरीज करायला मिनिटही लागत नाही.

चौथी तार आणि कुंभाराचं चाक

पंख्याचा वेग कमी करायचा जुना मार्ग म्हणजे व्होल्टेज उतरवणं. १२ चे ७ व्होल्ट केले की पंखा मंदावतो. तीन तारांचे पंखे आजही असेच चालतात. पण व्होल्टेज फार उतरवलं तर पंखा सुरूच होत नाही, नुसता थरथरतो. शिवाय त्याच विजेवर हॉल सेन्सरही चालतो, त्याचाही जीव कासावीस होतो.

२००४ साली इंटेलचं ७७५ संपर्कबिंदूंचं सॉकेट आलं. त्या काळचे पेंटियम ४ चांगलेच तापट होते, काहींची उष्णता ११५ वॅटपर्यंत जायची. त्या सॉकेटबरोबर चार तारांचा पंखा रूढ झाला. यात १२ व्होल्ट कायम तसेच राहतात, चौथ्या तारेवरून फक्त ‘आता दे, आता थांब’ असा इशारा येत राहतो, सेकंदाला सुमारे २५,००० वेळा.

कुंभार चाक कसं फिरवतो ते आठवा. काठी अडकवून तो चाकाला रेटा देतो आणि काठी काढून घेतो, चाक आपल्या वजनाच्या जोरावर फिरत राहतं. रेटा जास्त वेळ दिला तर चाक वेगात, कमी दिला तर सावकाश, पण मधे धक्के जाणवत नाहीत. पंख्यालाही प्रत्येक आवर्तनातला किती भाग वीज द्यायची हे चौथी तार ठरवते. तीस टक्के वेळ दिली तर मंद, शंभर टक्के दिली तर पूर्ण वेग. इंग्रजी आद्याक्षरांवरून या पद्धतीला पीडब्ल्यूएम म्हणतात. २५,००० हा आकडाही विचारपूर्वक निवडलेला आहे. माणसाच्या कानाची मजल साधारण २०,००० कंपनांपर्यंत, त्यामुळे या उघडझापीची शिट्टी ऐकू येत नाही.

रचनेतला खरा शहाणपणा पुढे आहे. चौथ्या तारेवर काहीच आलं नाही तर पंखा थांबत नाही, पूर्ण वेगाने फिरतो. तार तुटली, हेडर बिघडला, काहीही झालं तरी चूक आवाजाच्या बाजूने होते, उष्णतेच्या बाजूने नाही. चार पिनांचा पंखा तीन पिनांच्या हेडरवर बसतो तो याच जोरावर. चौथं भोक रिकामं राहतं आणि पंखा सुसाट सुटतो. उलट, तीन पिनांचा पंखा चार पिनांवर लावला तर त्याला हुकूम ऐकायला तारच नसते. बायोसमध्ये त्या हेडरचा प्रकार पीडब्ल्यूएमऐवजी डीसी केला की बोर्ड व्होल्टेज उतरवून त्याला आवरतो. नवा पंखा सारखा घोंगावतोय अशी तक्रार असेल तर दुकानात परत करण्याआधी एवढं बदलून बघा.

वायर जोडण्याआधीचं काम

पंखा चिपला थंड करत नाही. तो धातूच्या पात्यांना वारा घालतो, आणि त्या पात्यांपर्यंत चिपची उष्णता पोचवण्याचं काम हीटसिंक करतो. चिपचं झाकण आणि हीटसिंकचा तळ दोन्ही गुळगुळीत दिसतात, पण सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतात आणि खाचांत हवा अडकते. उष्णता वाहून नेण्यात तांब्याचा आकडा ४०० च्या आसपास धरला तर त्याच मापात हवेचा ०.०२६ येतो. थर्मल पेस्ट ही हवा हुसकून लावते. तिचा आकडाही एक-दोनपासून आठ-दहापर्यंतच, म्हणून थर पातळ हवा. तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट मधोमध ठेवावी आणि पसरायचं काम दाबावर सोडावं. चिपबरोबर आलेल्या कूलरच्या, म्हणजे हीटसिंक आणि पंख्याच्या जोडीच्या, तळाला बहुधा करड्या रंगाची पेस्ट आधीच लावलेली असते, ती बोटाने चाचपू नये. वेगळा विकत घेतलेला कूलर असेल तर तळावरची पारदर्शक फिल्म सोलली का ते बघा. फिल्मसकट कूलर बसवणारे महाभाग दरवर्षी निघतात.

इंटेलबरोबर येणाऱ्या कूलरला चार कोपऱ्यांत चार खिळ्या असतात. त्यांच्या काळ्या टोप्यांवर बाण कोरलेला असतो आणि गोंधळ तिथेच होतो. बाणाच्या दिशेने फिरवलं की खिळी सुटते. बसवताना बाण उलट फिरवून मूळ जागी आणायचा, चारही पाय भोकांत उतरलेत ना ते बघायचं आणि मग कर्णाच्या टोकांवरच्या दोन खिळ्या एकदम दाबायच्या, नंतर उरलेल्या दोन. ‘टक्’ असा आवाज येतो. आवाजावर विसंबू नका, बोर्ड उलटा करून पाहा: मागे पांढऱ्या प्लॅस्टिकचे पाय पूर्ण बाहेर आलेले आणि त्यांच्या फटीत काळी खिळी उतरलेली दिसली पाहिजे. चारपैकी एक जरी अर्धवट राहिली तरी कूलर तिरपा होतो आणि पेस्टमध्ये एका बाजूला फट पडते. बोर्ड कॅबिनेटमध्ये गेल्यावर ही तपासणी अवघड होते, म्हणून कूलर बाहेरच बसवून घ्यावा.

एएमडीच्या एएम-४ सॉकेटवर स्प्रिंग लावलेले चार स्क्रू असलेला कूलर बसवायचा तर बोर्डावरच्या प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या आधी काढाव्या लागतात. त्या काढताच मागची धातूची पट्टी सुटून खाली पडते. ती हाताने धरून ठेवावी. स्क्रू एकेक पूर्ण आवळायचे नाहीत, थोडं इकडचं, थोडं समोरच्या कोपऱ्यातलं, असं फिरत जायचं.

‘नुसतं चालू करून बघतो, पंखा मग लावतो’ हा मोह आवरा. २००१ साली ‘टॉम्स हार्डवेअर’ने चालू संगणकावरून हीटसिंक काढून दाखवण्याचा प्रयोग केला होता. त्यात एएमडीच्या त्या वेळच्या अ‍ॅथलॉन चिपमधून काही क्षणांत धूर निघाला, तर पेंटियम ४ वेग उतरवून तग धरून राहिला. आता सगळ्याच चिप स्वतःला सांभाळतात: ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोचल्या की काम मंद करतात, तरी भागलं नाही तर वीज तोडतात. चिप मरणार नाही हे खरं, पण दर दोन मिनिटांनी बंद पडणाऱ्या संगणकावर विंडोज घालायचा प्रयत्न करून बघा.

मे महिन्यातलं गणित

इथवरचं पुण्यात किंवा नाशकात वाचलं तरी चालेल. पुढचं खास आपल्याकडचं. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला तर कुणी भुवया उंचावत नाही, आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेला असतो.

पंखा आणि हीटसिंक मिळून चिपचं तापमान खोलीच्या तापमानापेक्षा किती वर राहील एवढंच ठरवतात. खोलीच्या खाली ते कधीच नेऊ शकत नाहीत, कारण वापरायला त्यांच्याकडे खोलीतलीच हवा असते. उदाहरणासाठी धरू की तुमचा कूलर दर वॅटमागे अर्धा अंश चढू देतो. एएमडीच्या ६५ वॅट वर्गातल्या चिपला बोर्ड प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत वीज घेऊ देतो, म्हणजे ४४ अंशांची चढण. कॅबिनेटच्या आतली हवा खोलीपेक्षा आठेक अंश गरम धरा. डिसेंबरात खोली २२ अंशांवर असेल तर चिप ७४ वर. मे महिन्यात खोली ४२ वर असेल तर ९४. संगणक तोच, पंखा तोच, काम तेच, आणि चिप मंदावायच्या उंबरठ्यावर.

बायोसमध्ये पंख्याचा वेग ठरवणारा आलेख असतो: किती तापमानाला किती टक्के. कंपनीने भरून दिलेल्या आलेखात ४० अंशांना पंखा शांत आणि ६० ला मध्यम, असं काहीसं असतं. सावंगीच्या मे महिन्यात संगणक नुसता बसून असला तरी चिप ५५ च्या पुढे असते, त्यामुळे आलेखाची खालची पायरी कधी वापरातच येत नाही आणि पंखा दिवसभर तक्रार करतो. तो बिघडलेला नाही. पहिल्या पायऱ्या दहाएक अंशांनी वर सरकवा, पण ८० च्या पुढे शंभर टक्के ठेवा. रात्रीच्या शांततेसाठी वरचा भाग कापायचा मोह आपल्या हवेत परवडत नाही.

मग सगळ्यात गुणकारी उपाय कुठला? महागडा पंखा नाही, खिडकीतला पाण्याचा कूलर. आपला उन्हाळा कोरडा असतो, पाणी भराभर उडतं आणि खोली सहज दहा-बारा अंशांनी उतरते. खोली जितकी उतरेल तितकीच चिप उतरेल, वरच्या गणितातून हे सरळ निघतं. दमट हवेने संगणकात पाणी सुटेल या भीतीला फारसा आधार नाही, कारण दव धरतं ते हवेपेक्षा थंड पृष्ठभागावर, आणि चालू संगणकात सगळंच हवेपेक्षा गरम असतं. कॅबिनेट कूलरच्या थेट तोंडाशी मात्र ठेवू नका. वाऱ्याबरोबर उडणाऱ्या थेंबांत पाण्यातले क्षार असतात, थेंब सुकतो आणि पांढरे डाग बोर्डावर राहतात. बाजूला, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. लाकडी कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात तर अजिबात नको, तिथे पंखा स्वतःच सोडलेली गरम हवा पुन्हा ओढत बसतो.

धूळ आणि रुई

वर्धा हा कापसाचा जिल्हा. वेचणीपासून जिनिंगच्या हंगामापर्यंत हवेत रुईचे बारीक तंतू असतात आणि नुसत्या धुळीपेक्षा ते जास्त त्रास देतात. धूळ पात्यांमधून बरीचशी निघून जाते, तंतू आडवा अडकतो आणि मग धूळ त्याला धरते. पंख्याखाली, हीटसिंकच्या तोंडाशी, करड्या रंगाचा एक सलग थर तयार होतो. वरून पाहिलं तर पंखा स्वच्छ दिसतो. पंखा काढला की मग थर दिसतो, चिमटीत धरून अख्खा उचलता येतो. पंखा पूर्ण वेगात आणि तरी तापमान चढतंय, अशी लक्षणं दिसली तर बहुधा हाच थर असतो. उन्हाळा लागण्याआधी, मार्चमध्ये, एकदा उघडून बघणं फायद्याचं. साफ करताना वीज बंद ठेवा आणि हवेचा झोत मारताना पातं बोटाने धरून ठेवा. झोताने पंखा त्याच्या ताकदीबाहेर फिरला तर बेअरिंगवर ताण येतो, आणि फिरती मोटर वीजही तयार करते, ती उलटी बोर्डाकडे जाऊ शकते.

चिपसाठी पाण्यावर चालणारा कूलर घ्यावा का?

हा प्रश्न हमखास येतो. पुण्याच्या आयसर संस्थेतला ‘परम ब्रह्म’ महासंगणक द्रवाने थंड केला जातो हे खरं आहे, पण तिथे शेकडो चिप एका खोलीत कोंबलेल्या असतात. घरच्या संगणकातलं पाणी उष्णता फक्त चिपवरून रेडिएटरपर्यंत नेतं. रेडिएटरवर पुन्हा पंखेच असतात आणि ते पुन्हा खोलीतल्याच ४२ अंशांच्या हवेवर चालतात. ६५ वॅट वर्गातल्या चिपला माझ्या मते तांब्याच्या नळ्यांचा साधा टॉवर कूलर भरपूर झाला. फुकट आलेल्या बुटक्या कूलरपेक्षा तो दर वॅटमागची चढण बरीच कमी करतो, आणि त्याचा पंखा मेला तर तेवढाच बदलता येतो.

तरी पाण्याचाच घेतलात, तर जोडणी थोडी वेगळी. पंपाची वायर पंप नावाच्या हेडरवर लावायची आणि त्या हेडरचा वेग बायोसमध्ये कायम पूर्ण ठेवायचा. रेडिएटरचे पंखे सीपीयू फॅनवर, म्हणजे बोर्डाला त्यांची बातमी मिळत राहते. काही पंपांना वीज एसएमपीएसच्या साटा वायरवरून मिळते आणि त्यांची छोटी, एकाच तारेची वायर बोर्डाकडे जाते. ती एकटी तार म्हणजे ठोके मोजणारी तिसरी तार. पंप व्यवस्थित चालतोय म्हणून ती न लावता तशीच सोडली तर पंप थांबल्याचं कळायला बोर्डाकडे चिप तापण्याखेरीज दुसरी खूण उरत नाही.